रीफ टँक घ्यायच्या आधी एक बादली भरून ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवर, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवायच्या रीफ टँकवर, लेख आला होता, फोटो फारच छान होते, निळ्या उजेडातले कोरल, त्यात लपलेला क्लाउनफिश. दुपारपर्यंत आमच्याच सोसायटीतल्या दोन घरांमधून मला फोन आले की ताई आम्हालाही करायचंय, कुठला दिवा घेऊ सांगा. म्हणून हे पत्र लिहायला बसले. लेखात सामानाची जी यादी दिलीय तिच्यात पहिला नंबर एलईडी दिव्याचा आहे, मग स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र), मग वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप), आणि पाणी कुठलं वापरायचं, मे महिन्यात काय करायचं आणि लाईट गेली तर काय, या तीन गोष्टींवर एक ओळसुद्धा नाही. पुण्यात रीफ टँक मरतो तो या तीन गोष्टींनीच मरतो. दिव्यामुळे मेलेला टँक मी अजून पाहिलेला नाही.

मी धनकवडीत राहते, एका पॅथॉलॉजी लॅबमधे बावीस वर्षं टेक्निशियन आहे. मालवणला किल्ल्याजवळच्या पाण्यात मुलाला स्नॉर्कलिंगला नेलं होतं (तिथलं सागरी अभयारण्य १९८७ चं आहे, आणि आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरसुद्धा जिवंत कोरल आहे हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं), तिथून परत आल्यापासून त्याने ध्यास घेतला आणि सहा वर्षांपूर्वी आम्ही हॉलमधे दोन बाय सव्वा बाय सव्वा फुटाची टाकी बसवली. तोंडापर्यंत भरली तर ८८ लिटर, पण दगड आणि वाळू टाकल्यावर खरं पाणी मावतं पंचाहत्तर लिटरच्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवा कारण पुढचा सगळा हिशोब त्याच्यावर आहे. दगड-वाळू-काच-पाणी धरून वजन सव्वाशे किलोच्या घरात जातं, टीव्हीच्या टेबलावर ठेवायची वस्तू नाही ही.

पहिलं पाणी. घरात आरओ आहे ना, मग झालं, असं सगळ्यांना वाटतं आणि मलाही दुकानात हेच सांगितलं होतं. पण पिण्याच्या आरओमधे मुद्दाम थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं, चव यावी आणि अगदीच क्षार नसलेलं पाणी पोटात जाऊ नये म्हणून, माणसाला ते चांगलंच आहे. मी लॅबमधला मीटर आणून बघितलं तर आमच्या आरओचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ६४ निघाला. टाकीसाठी तो शून्य लागतो. ६४ म्हणजे फार नाही असं वाटेल, पण त्यात सिलिकेट असतं, नायट्रेट असतं, हे शेवाळाचं खाणं, आणि टाकीतलं पाणी रोज उडतं, आपण रोज वरून भरतो, पाणी निघून जातं आणि ते ६४ मात्र मागे साचत राहतं. सात-आठ महिने माझ्या दगडांवर आधी तपकिरी थर आणि मग हिरव्या केसांसारखं शेवाळ होतं, मी दिव्याला दोष देत होते, तास कमी केले, दिवा वर उचलला, काही फरक नाही. दोष पाण्यात होता.

आणि पुण्यात पाणी एकसारखं नसतं हे वेगळं. खडकवासल्याचं पाणी मुळात हलकं आहे, आमच्या नळाला मीटर ९० ते १०० दाखवतो. पण उन्हाळ्यात सोसायटीत टँकर आला की त्याच नळाला मी ६४० सुद्धा वाचलाय, कारण टँकर बऱ्याचदा बोअरचा असतो. वाघोली, उंड्रीकडे जे बारा महिने टँकरवर आहेत त्यांना तर हे रोजचंच. म्हणून आरओच्या पुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या मण्यांचं) फिल्टर लागतंच, छोटं युनिट मिळतं, आणि सोबत दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर. रेझिन संपलं की मीटर शून्यावरून हलतो, त्या दिवशी बदलायचं, रंगावर जाऊ नका. आरओचं जे पाणी वाया जातं ते मी बादलीत धरते, लादी पुसायला आणि संडासात. एक लिटर चांगल्या पाण्यामागे तीन-चार लिटर जातं, पाणीकपातीच्या दिवसांत ते मोरीत सोडून द्यायला जीव होत नाही.

कोणी सांगतं अलिबागहून चार कॅन भरून आणा, खरंखुरं समुद्राचं पाणी. नका आणू. काठावरच्या पाण्यात काय काय सोडलेलं असतं आणि पावसाळ्यात नद्यांचं पाणी मिसळून त्याचा खारटपणा किती उतरतो हे आपल्या हातात नाही. मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उभं केलं ते मरीन ड्राइव्हवर, समुद्र दारातच होता. आपल्याला समुद्र शंभर किलोमीटर लांब आणि साडेपाचशे मीटर खाली आहे. तेव्हा टाकीसाठी मिळणारं तयार मीठ आणि शून्य टीडीएसचं पाणी, दुसरा रस्ता नाही. घरातलं मीठ चालत नाही, त्यात नुसतं सोडियम क्लोराइड असतं, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी काही नाही. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तर साडेसात लिटर, त्याला पावणेतीनशे ग्रॅम मीठ, म्हणजे वीस किलोची बादली वर्षभराहून जास्त जाते. खर्च वाटतो तेवढा नाही.

खारटपणा मोजायला मात्र काटा हलणारा प्लॅस्टिकचा हायड्रोमीटर घेऊ नका. त्या काट्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी तो वर जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा खारट दाखवतो. माझा १.०२५ दाखवत होता आणि खरं पाणी १.०२१ होतं, चार महिने मी कमी खारट पाण्यात सगळे जीव ठेवले. रिफ्रॅक्टोमीटर घ्या. काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण हळू लावायचं, अर्धा मिनिट थांबायचं म्हणजे थेंब आणि यंत्र एका तापमानाला येतात, मग खिडकीकडे तोंड करून डोळा लावायचा, वर निळं खाली पांढरं आणि मधली रेघ जिथे थांबते तो आकडा. ३५ पाहिजे, म्हणजे एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार, हायड्रोमीटरच्या मापात १.०२६ च्या आसपास. पण रिफ्रॅक्टोमीटरसुद्धा नुसत्या साध्या पाण्यावर शून्य करून भागत नाही, कारण स्वस्तातले बरेचसे साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेले असतात आणि समुद्राच्या पाण्याला दीड-एकचा फरक दाखवतात. ३५ चं तयार द्रावण मिळतं, त्यावर जुळवायचं. मी घरीच करते, ३६.५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड आणि ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड पाणी, याचा रिफ्रॅक्टोमीटरवर आकडा बरोबर ३५ येतो. लॅबमधे सकाळी कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेला नमुना) लावल्याशिवाय आम्ही एक रिपोर्ट सोडत नाही, मग घरातल्या जिवांना वेगळा नियम का लावायचा?

आता उन्हाळा. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि इथेच लोक पैसे वाचवायला जातात. कोरलला २४ ते २७ अंश हवं असतं. समुद्रात पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एकच अंश जास्त आणि चार आठवडे तसंच राहिलं तरी कोरल पांढरं पडायला लागतं, त्याच्या अंगात राहणारी शेवाळं, जी त्याला खाऊ घालतात आणि रंग देतात, तीच ते बाहेर टाकतं. एप्रिल २०२४ मधे अमेरिकेच्या नोआ या संस्थेने जगभरचं चौथं ब्लीचिंग जाहीर केलं ते याच कारणाने. समुद्रात जे एका अंशाने होतं ते आपल्या हॉलमधे पाच अंशांनी होतं. आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, पश्चिमेची भिंत, पहिल्याच मे महिन्यात दुपारी साडेतीन वाजता टाकीत ३१.८ होतं. झोअँथिड, मशरूम, झेनिया ही माझी मऊ कोरल. झोअँथिड मिटून गेले ते उघडलेच नाहीत, मशरूम आक्रसून नाण्याएवढे झाले, आणि झेनियाचं तर एका रात्रीत पांढरं पाणी झालं, हाताने उचलायला काही उरलं नव्हतं. मुलगा तेव्हा सहावीत होता, टाकीसमोर बसून राहिला होता. मला अजून वाईट वाटतं, कारण दिव्यावर मी चौदा हजार घातले होते आणि थंड करायला एक पंखासुद्धा घेतला नव्हता.

पंखा म्हणजे काय तर कॉम्प्युटरमधला चार इंची, १२ व्होल्टचा, तपकीर गल्लीत मिळतो, पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावायचा. पुण्यात तो चालतो, मुंबईत तेवढा चालत नाही. माठाचंच तत्त्व आहे, हवा कोरडी असेल तर पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी उडालं की पंचाहत्तर लिटर पाणी सात-आठ अंश उतरवायला जेवढी उष्णता काढावी लागते तेवढी जाते, अर्थात खोलीतून उष्णता परत आत येतच असते म्हणून प्रत्यक्षात दोन-तीन अंशच उतरतात. आपला एप्रिल-मे कोरडा, म्हणून जमतं. जुलैत हवा दमट असते तेव्हा पंखा निकामी पण तेव्हा तेवढी गरजही नसते. खालचा मजला, पूर्वेची सावलीची खोली असेल तर पंख्यावर भागेल, माझ्या एका मैत्रिणीचं सहकारनगरच्या जुन्या बंगल्यात भागतं. माझं ३१.८ वरून २८.९ पर्यंतच आलं, म्हणून शेवटी एक दशांश हॉर्सपॉवरचा चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, घ्यावाच लागला, सगळ्यात महाग वस्तू तीच. तो टाकीखालच्या बंद कपाटात ठेवू नका, तो पाण्यातली उष्णता काढून मागून गरम हवा सोडतो, ती कपाटातच कोंडली तर परत तीच आत ओढतो.

पंखा लावला की पाणी भराभर उडतं, मे महिन्यात माझं दिवसाला तीन लिटर. मीठ उडत नाही. म्हणजे ३५ चं एका दिवसात साडेछत्तीस, दोन दिवस विसरलात तर अडतीस. सुरुवातीला सासूबाई रोज सकाळी देवपूजा झाली की टाकीवरच्या खुणेपर्यंत तांब्याने पाणी भरायच्या, तांब्याने म्हणजे तांब्याच्या धातूच्या नाही हं, स्टीलच्या, कारण तांबं कोरलला, कोळंबीला, गोगलगायीला विष आहे, पितळेचा नळसुद्धा टाकीच्या पाण्यात येऊ देऊ नये. त्या गावाला गेल्या तेव्हा ऑटो टॉप-ऑफ बसवला, उडालेलं पाणी आपोआप भरणारा. एक सेन्सर, एक छोटा पंप, एक कॅन. कॅन मुद्दाम पाच लिटरचाच ठेवा, वीसचा नको. सेन्सर कधीतरी अडकतो, आणि तेव्हा पाच लिटर आत गेलं तर ३५ चं ३३ च्या थोडं खाली येतं, जीव तगतात, वीस गेलं तर टाकी आणि हॉल दोन्ही गेले.

हीटर कशाला, पुण्यात? असं विचारतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हॉल १८-१९ वर जातो, म्हणून लागतो, शंभर वॉट पुरे. हीटरची भीती अशी की त्याच्या आतला कॉन्टॅक्ट चिकटला तर तो बंदच होत नाही. म्हणून त्याच्यावर विश्वास न ठेवता बाहेरून टेम्परेचर कंट्रोलर लावा, हीटर आणि चिलर दोन्ही त्याच्यावर. हीटर २५ ला सुरू, चिलर साडेसव्वीसला, मधे दीड अंश मोकळा सोडायचा नाहीतर दोघं एकमेकांशी भांडत बसतात आणि बिल आपलं येतं.

लाईट जाणं. गुरुवारी दुरुस्तीला लाईट जाते हे पुणेकरांना सांगायला नको, त्या दोन-चार तासांचं काही विशेष नाही. पण वळवाचा पाऊस येतो, झाड पडतं, आणि रात्रभर अंधार, तेव्हा काय? माझ्याकडे तसं झालं, अकरा तास. घरात इन्व्हर्टर होता, त्याच्यावर पंखे होते, ट्यूब होत्या, राउटर होता, टाकीचा प्लग नव्हता. आम्ही सगळे पंख्याखाली शांत झोपलो आणि सकाळी दोन्ही क्लाउनफिश तळाला. खाऱ्या पाण्यात मुळातच गोड्या पाण्यापेक्षा वीस टक्के कमी ऑक्सिजन मावतो, गरम पाण्यात अजून कमी, आणि पाणी हललं नाही की वरचा ऑक्सिजन आत येत नाही. कोरल एखाद-दोन दिवस दिव्याशिवाय राहतं, त्याला काही होत नाही. हलत्या पाण्याशिवाय मात्र काही तासांचा खेळ असतो.

म्हणून इन्व्हर्टरच्या लाइनवर फक्त वेव्हमेकर. आठ-दहा वॉट खातो. १५० एएचची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तासांची, घरातले पंखे धरूनही रात्र सहज निघते. चिलर, हीटर, दिवा त्यावर नको. इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हचा असेल तर एसी पंप घुमतात आणि तापतात, म्हणून वेव्हमेकर डीसी घ्या, अॅडॅप्टरवाला, आणि शिवाय सेलवर चालणारा हवेचा छोटा पंप खणात ठेवा. तो मला साडेचारशेला मिळाला, अकरा तासांच्या त्या रात्री असता तर बरं झालं असतं. टाकीच्या बोर्डाला ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन लगेच तोडणारा स्विच) हवाच, खारं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं, आणि प्रत्येक वायर प्लगमधे जायच्या आधी खाली लोंबकळू द्या म्हणजे थेंब प्लगमधे न जाता खाली गळतो.

स्किमरबद्दल थोडक्यात, एवढ्या टाकीला दर आठवड्याला पाणी बदलत असाल आणि मासे दोनच असतील तर नाही घेतला तरी चालतो. माझ्याकडे नाही.

आणि दिवा, जो लोकांना सगळ्यात आधी हवा असतो. इथे कायदा मधे येतो आणि मला वाटतं हे तर लेखात असायलाच हवं होतं. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, त्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली रीफ बांधणारे सगळे कठीण कोरल घातले, काळे कोरल, सी फॅन आणि समुद्रघोडेसुद्धा. समुद्रातून काढणं, विकणं, बाळगणं, गुन्हा आहे. बाहेरच्या देशातून आलेल्या कठीण कोरललाही सायटिसचे (दुर्मिळ जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) कागद लागतात. मला एका दुकानात, नाव लिहीत नाही, मागच्या खोलीतल्या बादलीत ब्रेन कोरलचा तुकडा दाखवला होता, बिल मागितलं तर विषय बदलला. दगडाचंही तसंच, समुद्रातून काढलेला लाइव्ह रॉक (जिवंत जीव-जिवाणू असलेला दगड) घेऊ नका, कोरडा दगड घ्या, त्यावर अमोनियाची बाटली वापरून चार ते सहा आठवडे माशांची घाण पचवणारे जिवाणू वाढू द्या, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मगच मासा. क्लाउनफिशसुद्धा हॅचरीत वाढवलेला मागा, आपल्याकडे सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) त्यांची पैदास करायचं तंत्र केव्हाच बसवलंय, समुद्रातून पकडलेला घ्यायची गरज नाही.

तर मुद्दा असा की कठीण कोरल ठेवायचंच नाही, झोअँथिड, मशरूम, लेदर अशी मऊ कोरल ठेवायची, मग त्यांना ५० ते १५० पार (कोरलला उपयोगी उजेडाचं माप) एवढाच उजेड पुरतो, कठीण फांद्यांच्या कोरलला २०० ते ३५० लागतो. म्हणजे मी जो चौदा हजारांचा दिवा घेतला तो आज तीस टक्क्यांवर चालतो. कॅल्शियमसारखे क्षार वरून पुरवणारे डोसिंग पंप नको, कॅल्शियम रिॲक्टर नको, आठवड्याच्या पाणीबदलात मऊ कोरलचं सगळं भागतं. दिव्यात निळा भाग जास्त हवा एवढंच बघा, झाडांच्या टाकीचे पांढरे-लाल दिवे शेवाळ वाढवतात. दिव्यावर वाचलेले पैसे चिलरला घाला.

संपादकांना विनंती की पुन्हा असा लेख छापाल तेव्हा यादी उलटी छापा. आणि ज्या दोन घरांमधून मला फोन आले त्यांना मी जे सांगितलं तेच बाकीच्या वाचकांना सांगते. आत्ता काही विकत घेऊ नका. टाकी जिथे ठेवायची ठरवलीय त्याच जागी वीस लिटरची बादली साध्या पाण्याने भरून ठेवा, त्यात एक थर्मामीटर सोडा, आणि मे महिन्यात पंधरा दिवस दुपारी साडेतीनला आणि पहाटे सहाला आकडा कॅलेंडरवर लिहा, जानेवारीत परत आठवडाभर. टाकीत पंप आणि दिव्याची उष्णता मिळून याच्यावर अजून एक-दोन अंश चढतील ते धरा. दुपारचा आकडा २७ च्या आत राहिला तर पंख्यावर भागेल, ३० च्या वर गेला तर चिलरचे पैसे आधी बाजूला काढा, आणि ते निघत नसतील तर यंदा टाकी नको. पहिल्या घरात काल बादली ठेवलीय, आज दुपारचा आकडा ३०.५ आलाय, त्यांनी दुकानातली ऑर्डर थांबवलीय.

आपली,
एक नियमित वाचक
धनकवडी, पुणे